दगडाखालचा घरमालक

आत शिरायच्या आधी तो म्हातारा चपला काढायचा, त्यात काही नवल नाही. पण चपला काढल्यावर दारातल्या उभ्या दगडावर बोटांनी तीनदा वाजवायचा, जरा थांबायचा आणि विचारायचा, "येऊ का, भाऊ?" आत कोणी नसायचं. आपल्याला ऐकू न आलेलं उत्तर त्याला आलं की मान हलवून वाकून आत जायचा. प्रार्थनेला चाळीस माणसं खोळंबलेली असली तरी हे चुकायचं नाही. एकदा उत्तर आलं नाही म्हणून सगळ्यांना उन्हात उभं ठेवलं होतं म्हणतात. ते मी पाहिलेलं नाही, पण खोटं नसावं.

मला तो पहिल्या दिवशी वेडा वाटला. नंतरही वाटला, पण मग त्याने काही फरक पडेनासा झाला.

सगळे त्याला आबा म्हणत, मीही म्हणायचो. साक्रीच्या पुढे डोंगराकडे जाताना एक पाडा आहे, तिथला. मी दगडकाम करणारा मिस्तरी, मूळचा जळगावकडचा, काम मिळेल तिथे जाणारा. आमची ही सोबत असायची. मी दगड बसवायचा, हिने माल कालवायचा, घमेली वाहायची. एकतीस वर्षं आम्ही तसं काम केलं. ही जाऊन आता आठ महिने झाले. दगडाला हात लावला की मागे वळून घमेलं मागायची सवय अजून जात नाही, म्हणून मी काम सोडलं.

तर ती जागा. टेकाडावर तीन बाजूंनी चार दगड उभे, पुरुषभर उंच, आणि त्यांच्यावर एक आडवा दगड. आडवा म्हणजे केवढा, तर दोन बैलगाड्या शेजारी शेजारी सोडता येतील एवढा. टाकीचा घाव कुठेच नाही. पाड्यावरचे लोक त्याला राक्षसाचं घर म्हणायचे. पुण्याचे एक प्रोफेसर बघायला आले होते. ते पुष्कळ बोलले. मला कळलं ते एवढंच, की लोखंड नवीन होतं तेव्हाच्या माणसांनी आपला कोणीतरी मेलेला तिथे पुरला आणि वर हे दगड ठेवले. म्हणजे ते थडगं.

त्या थडग्याचं प्रार्थनाघर झालं ते आबाच्या बापाच्या वेळी. पाड्यावरची पाच-सहा घरं ख्रिस्ती झाली. त्यांना जमायला कोणी ओटा देईना. एका पावसात सगळे त्या दगडाखाली शिरले आणि पहिली प्रार्थना तिथेच झाली. मग पुढच्या बाजूला माती-दगडाची भिंत आली, दार आलं, पत्र्याची पडवी आली, आणि आडव्या दगडावर चुन्याने क्रूस काढला गेला. आत पंचवीस माणसं दाटीने बसत, बाकीची पडवीत. रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, तीच घंटा. ती वाजवायची, चुना लावायचा, झाडलोट करायची ही आबाची कामं. कोणी नेमलं नव्हतं. बाप करायचा म्हणून हाही करायचा.

"घरमालक खाले शे," आबा म्हणायचा. "आपन भाडेकरू."

भाडं म्हणून तो रोज सकाळी एक तांब्या पाणी उजवीकडच्या दगडाच्या पायाशी ओतायचा. बाप ओतायचा, तिथेच. मग उभ्याउभ्याच गावाची खबर सांगायचा. कोणाकडे पोर झालं, कोणाची म्हैस मेली, साक्रीच्या बाजारात मिरची काय भावाने गेली. मी ओटा बांधत असताना त्याने माझीही खबर दिली. "मिस्तरी येल शे. तोंडना फाटका शे, पन हात चांगला शे." हे मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने.

कोणी दगडाला पाठ लावून टेकला की म्हणायचा, "टेकू नको. तो त्याना खांदा शे." खिळा तर कोणाला मारू देत नसे. कंदील टांगायला मी एक छोटी खाच करतो म्हटलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. हिच्याशी बोलायचा. हिला मात्र तो पहिल्यापासून आवडला.

"घरमालकाचं नाव काय ठेवलं, आबा?" हिने एकदा विचारलं.

"त्यानी सांगं नही. आपन कसाले ठेवानं?"

एक्क्याण्णव साली शिरगणतीवाला आला, तेव्हा आबा दारात बसलेला. तो साक्रीच्या शाळेतला नवीन मास्तर होता, उन्हाने लाल झालेला. त्याने विचारलं, "या घरात किती माणसं?"

"रविवारले चाळीस. बाकी दिस दोन."

"दुसरा कुठे आहे?"

"मझार शे. झोपेल शे."

"उठवा की, आबा. वय विचारायचंय."

"तुम्हीच उठाडी दखा."

मास्तर बिचारा पडवीत बसून राहिला. हिने चहा केला. चहा पिऊन झाला तरी आतून कोणी उठेना, तेव्हा हिला हसू आवरेना आणि मास्तरच्या ते लक्षात आलं. आबा हसला नाही. म्हणाला, "वय इचारशी तर लिखता लिखता पेन सरी जाई."

आता जे सांगायचं ते.

पहिल्या साली मी गेलो ते पडवीपुढचा ओटा बांधायला. तेव्हा साक्रीहून पाळकसाहेब आले. बारीक चणीचा, चष्मेवाला माणूस. आबाचं पाणी ओतणं त्यांना पसंत नव्हतं, पण म्हाताऱ्याशी कोण भांडणार. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मिस्तरी, हा वरचा दगड पक्का आहे ना? खाली बायका-मुलं बसतात."

मी हातोडी घेतली आणि चारही दगड वरपासून खालपर्यंत वाजवून पाहिले. आमच्या धंद्यात दगड वाजवून कळतो. आतून फुटका असला की भद्द बोलतो, चांगला असला की खणखणीत. चारही खणखणीत बोलले. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "साहेब, तुमची नातवंडं म्हातारी होतील, पण हा हलायचा नाही." सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं.

दुसऱ्या साली नाताळाच्या दोन आठवडे आधी पडवीची फरशी करायला परत गेलो. हिने पहिल्याच दिवशी मला हाक मारली. ही उजव्या दगडाच्या पायाशी बसलेली, हातात ओल्या मातीचा गोळा.

"पाऊस जायाले दोन महिना व्हई गयात," ही म्हणाली. "बठ्ठं रान वाळी गयं. आठेच वल कशी?"

मी पहार घातली. पहार हाताच्या जोरानेच कोपरभर आत गेली. टेकाड सगळं मुरमाचं, पण त्या माणसाला पुरताना खड्डा काळ्या मातीने भरला होता, आणि उजवा दगड त्या मातीत उभा होता. काळी माती पाणी पिते, फुगते, मऊ होते. बापलेकांनी रोज एक तांब्या पाजला होता. ओळंबा लावला तर दगड चार बोटं बाहेर झुकलेला. वर बघितलं तर आडव्या दगडाची कड त्याच्यावर तळहाताएवढीच टेकलेली उरली होती. मी वर्षापूर्वी दगड वाजवले होते. माती बघितलीच नव्हती.

मला गोड बोलता येत नाही. मी आबाला तिथेच सांगितलं, "आबा, हाई तुमना पानीनं काम शे."

आबाने त्या ओल्या मातीला हात लावून पाहिला. मग म्हणाला, "मना बापनी टाकं, मी टाकं. त्यानी कधी नको म्हनं नही."

"तो काय म्हनी, आबा? तो मरेल शे."

हिने माझ्याकडे असं बघितलं की मी पहार उचलून बाजूला झालो. एकतीस वर्षांत असं चार-पाच वेळा बघितलं असेल.

पाळकसाहेबांना निरोप गेला. ते दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले. मी त्यांना सरळ सांगितलं की वाटा दोनच आहेत. एक म्हणजे दगड टेकून धरायचा, उजव्या दगडाखालची माती काढायची, मुरमापर्यंत जायचं आणि काँक्रीटचा पाया भरायचा. दुसरी म्हणजे सुरुंग लावून सगळं पाडायचं आणि पत्र्याचं नवीन बांधायचं. काहीच न करता नाताळला खाली माणसं बसवली तर मी जबाबदार नाही.

"आणि पाया भरताना..." साहेब बोलायचे थांबले.

"हां. जिथे खणायचं तिथेच तो आहे."

आबा उठला, दगडावर तीनदा वाजवलं, विचारलं, आत गेला आणि भिंतीला लागून मांडी घालून बसला. म्हणाला, खणणार नाही आणि सुरुंगही नाही. घरमालकाला उकरून त्याचं घर नीट करायचं असलं काम त्याने ऐकलेलं नाही. दगड पडायचा तर पडू दे, पडेल तेव्हा दोघे सोबत असतील.

त्या दिवशी सगळे येऊन सांगून गेले. साहेबांनी हात जोडले. आबाचा पुतण्या येऊन रडला. आबा ऐकायचा आणि मान हलवायचा. उन्हं तापली तशी मला भीती वाटायला लागली, कारण उन्हात वरचा दगड तापला की कुरकुरतो. एरवी कोणाला ऐकू येत नाही, मला येत होतं. दर थोड्या वेळाने एक बारीक आवाज, दातावर दात घासल्यासारखा.

दुपारी ही भाकर आणि तेलखुडी घेऊन आली. खुडी म्हणजे मिरची-लसणाची चटणी, आबाला आवडायची. मला वाटलं, दारातून देईल. ही आत गेली आणि त्याच्या शेजारी मांडी घालून बसली.

"बाहेर ये," मी म्हटलं.

"आबा जेवत नाही तोवर नाही."

"बाहेर ये म्हणतो ना."

हिने माझ्याकडे बघितलंच नाही. ताटली आबापुढे सरकवली. मी त्या आडव्या दगडाच्या कडेखाली उभा राहिलो, जसा काही मी तो धरणार होतो.

मग ही बोलली. भांडणासारखं नाही, चुलीपाशी बोलावं तसं.

"आबा, एक सांगा. घर पडाले उनं, तर भाडेकरू काय करस? घरमालकले पानी पाजत बठस, का उचलीसन भायेर काढस?"

आबाने भाकरीचा तुकडा मोडला होता, तो तसाच हातात राहिला. दगड पुन्हा कुरकुरला. आबाने वर बघितलं, मग खाली, आपल्या मांडीजवळच्या मातीकडे.

"मंग मीच काढसू," तो म्हणाला. "दुसरा कोनाच हात लागाले नको."

सुरत रोडवरच्या एका ट्रकवाल्याने जॅक दिला. दोन सागाचे ओंडके पाळकसाहेबांनी आणवले. दुसऱ्या दिवशी उजव्या बाजूची कड मी जॅकवर घेतली, बोटभर उचलली, उजव्या दगडावरचा भार काढला आणि दोन्ही ओंडके शेजारी उभे केले, पाचरी मारून. जॅकखाली जाड फळी होती. मी पहारीने जागा तपासली होती, ती कोरडी वाटली होती.

आबा खुरपं घेऊन पालथा आत सरकला. त्याचं डोकं आणि दोन्ही हात दगडाखाली, पाय बाहेर. हिने त्याचे घोटे धरले. मी जॅकच्या दांड्यावर हात ठेवून कान देत होतो. बाहेर सगळा पाडा उभा होता.

आधी खापऱ्या निघाल्या, आतून काळ्या, बाहेरून लाल. मग गंजून फुगलेला लोखंडाचा एक तुकडा. मग आबा म्हणाला, "हाऊ दखा," आणि खुरपं बाजूला ठेवलं. एक एक हाड तो धोतराच्या फडक्यात मागे सरकवत होता. माती झाडून, हळू.

"चटकन करा, आबा," मी म्हटलं.

"एक हात मिळी गया. दुसरा दखी राह्यनू."

"ऱ्हाऊ द्या, आबा, दुसरा," ही म्हणाली.

"तुना ऱ्हायना तर ऱ्हाऊ दिसू का?"

तेवढ्यात फळी बोलली. ओल्या मातीत लाकूड रुततं तेव्हा चुळकन आवाज येतो. मी खाली बघितलं तर फळीचा एक कोपरा मातीत गेला होता आणि जॅक माझ्या डोळ्यांदेखत तिरका होत होता. ओल तिथपर्यंत पसरली होती. ह्याही वेळी मी चुकलो होतो.

मी "ओढ" म्हटलं. एवढंच म्हटलं. हिने घोटे धरून मागे झोकून दिलं. आबा मातीत तोंड घासत बाहेर आला, फडकं छातीशी आवळलेलं. जॅक उडाला. वरचा दगड अर्धं बोट खाली आला आणि ओंडक्यांवर बसला. एक ओंडका उभा चिरला, बंदुकीसारखा आवाज झाला. दुसऱ्याने धरलं.

ही मागे पडली होती, तशीच बसून आबाच्या तोंडावरची माती पदराने पुसत होती. आबाने फडकं सोडून बघितलं. दुसरा हातही त्यात होता.

त्यानंतर आठ दिवस आबा ते गाठोडं मांडीवर घेऊन पळसाखाली बसला. खाली ठेवायचा नाही. जेवायचा एका हाताने. विडी ओढायची झाली तर काडी हीच ओढून द्यायची. लोक हसायचे, मग हसायचे थांबले. यंदा हिच्या अस्थी गोळा केल्या तेव्हा मेहुणा म्हणाला, गाठोडं झाडाला टांगा, घरात आणत नाहीत, रीत आहे. मी टांगलं नाही. नदीकाठच्या प्रकाशा गावच्या घाटापर्यंत एसटीत मांडीवर घेऊन बसलो.

पाळकसाहेब एकदा पळसाखाली आबाजवळ बसले. मी दगड घडवत होतो, सगळं ऐकलं.

"आबा, हा माणूस ख्रिस्ती नव्हता. प्रार्थनेच्या जागेत याला आपण परत पुरायचा, हे मला वर लिहून कळवावं लागेल."

"साहेब, आपन त्याना घरमा शिरनूत, तवय त्यानी इचारं का, तुम्ही कोन शेतस?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. उठून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून एक नवं पांढरं कापड आलं. वर काही लिहिलं की नाही मला माहीत नाही.

मी दगडाच्या फळ्यांची एक पेटी केली. चिरलेला ओंडका काढून नवीन लावला, मुरमापर्यंत खणलं, काँक्रीट भरलं, दगड सरळ केला. सिमेंटला रोज पाणी मारावं लागतं, नाहीतर ते पकत नाही. मी आबाला म्हटलं, "आता मारा हवं तेवढं पाणी." आबा म्हणाला, "मना हात नको." मग ते पाणी हिने मारलं. आठही दिवस, सकाळ-संध्याकाळ. पेटी पायापासून लांब, खोलीच्या मधोमध पुरली. आबाने स्वतः ठेवली. काय बोलला ते मी ऐकलं नाही, बाहेर गेलो होतो.

नाताळाच्या सकाळी मी ओंडके काढले. दगड आपल्या जागी बसला, एक टिचकीसुद्धा आवाज नाही. आबाने रुळाचा तुकडा वाजवला. पाडा जमला, नवे कपडे, तेल लावलेले केस. आणि सगळे पडवीत थांबले. आत कोणी जाईना.

पाळकसाहेब म्हणाले, "चला, आत बसा."

कोणी हललं नाही. मागून एक बाई म्हणाली, "मिस्तरीनी गया साले बी खणखणीत सांगं व्हतं."

खरंच होतं ते. त्यांना माझ्या शब्दावर आपली पोरं त्या दगडाखाली बसवायची होती, आणि माझा शब्द एकदा फुका गेला होता. आबा माझ्याकडे बघत होता. आज कोणी आत गेलं नाही तर पुढच्या रविवारीही जाणार नव्हतं, आणि मग ते घर घरमालकाचं एकट्याचं उरणार होतं. हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी काय सांगणार होतो? दगड वाजवून दाखवणार होतो?

ही माझ्या पुढून गेली. चपला काढल्या आणि वाकून आत शिरली. बरोबर मधोमध, वरच्या दगडाच्या पोटाखाली जाऊन बसली. मग मी गेलो. मग आबा आला आणि माझ्या शेजारी बसला. मग ती मागची बाई पोराला कडेवर घेऊन आली, आणि मग सगळेच आले.

प्रार्थना मला काही कळली नाही. गाणं झालं, साहेब बोलले, परत गाणं झालं. पूर्ण वेळ मी वर बघत होतो. आबाकडे बघितलं तर तोही वरच बघत होता, मान मागे टाकून, तोंड उघडं.

ही डोळे मिटून बसली होती.